फ्रेमसोबत हार फ्री

२ मे, शुक्रवार. सकाळी ६.४०

आजपासून चित्रकला. विषय चेहरे. माध्यम जलरंग आणि शाई. सामान काल सीताबर्डीवरून आणलं: कागद, रंगाची पेटी, ब्रश, शाईची दौत.

पाया तयारच आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो. पारशिवनीकडच्या कालव्यांचे छेद माझ्या हातचे. ज्याने कालवा काढला त्याला नाक काय जड जाणार?

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. पत्नी पुष्पा होळीनंतर पुण्याला, मुलीकडे, भूमिकाकडे गेली. पंधरा दिवसांसाठी. अजून आलेली नाही. जाताना दारात म्हणाली, की तुमी माह्या तोंडाकडे शेवटचं केव्हा पाह्यलं ते सांगा, मी बॅग खाली ठेवतो. मी म्हणालो, ऑटो थांबला आहे. ऑटो खरंच थांबला होता.

आरोप पुराव्याने खोडावा. पाच जूनला लग्नाचा वाढदिवस. तोवर तिचा चेहरा काढून, फ्रेम करून हॉलमध्ये लावणार. ती येईल, पाहील, विषय संपेल.

यूट्यूबवरच्या मॅडम म्हणतात, चेहरा काढताना खेळकर राहा, प्रयोग करा. म्हणून टाइमटेबल केलं. ७ ते ८ खेळकरपणा. ८ ते ८.३० पोहे.

मनःस्थिती: स्थिर.

३ मे

ओल्या कागदावर ओला रंग. रंग आपोआप पसरतो आणि गाल तयार होतो, असं मॅडम म्हणतात. मॅडम कुठल्या तरी थंड गावात राहत असाव्यात. इथे आमच्या बेसा भागात दुसरा ब्रश भिजेपर्यंत कागद पापडासारखा वाळतो.

उपाय काढला. टेबल कूलरसमोर नेलं. कूलर थुंकतो हे लक्षात नव्हतं. चेहऱ्यावर देवी आल्यासारखे ठिपके.

स्वयंपाकाच्या तुळसाबाईने विचारलं, हा कोन होय साहेब? मी म्हणालो, कोणी नाही, हे टेक्निक आहे. ती म्हणाली, लय बिमार दिसून राहिला बिचारा.

५ मे

आज मिठाचा प्रयोग. रंग ओला असताना वर मीठ भुरभुरलं की सुंदर दाणेदार पोत येतो. नाकावर जास्त पडलं.

डब्यातलं मीठ संपलं. तुळसाबाईने न सांगता अळणी वरण केलं. जेवण झाल्यावर तिने विचारलं, चालून गेलं का? मला फरक जाणवला नव्हता. एकूणच हल्ली चवीत अडकत नाही मी. ही प्रगती म्हणायची.

८ मे

शाईचा थेंब टाकून नळीने फुंकायचं, म्हणजे केस होतात. नळी रसवंतीवरून आणली. पहिली फुंक उत्तम. शाई वर जायच्याऐवजी खाली गेली आणि बाईला दाढी आली. दुसऱ्या वेळी चुकून ओढली.

जिन्यात वरच्या मजल्यावरची रीना भेटली. मिहानमधल्या कंपनीत नोकरीला आहे, गळ्यात कायम ओळखपत्र. माझ्या दातांकडे बघून म्हणाली, काका, तुम्ही बरे आहात नं? काकू केव्हा येऊन राहिल्या? मी म्हणालो, प्रयोग चालू आहेत. दोन्ही प्रश्नांना हे उत्तर चाललं.

११ मे, रविवार

आधी शाईने रेघा, मग वरून रंग. रंगाचं पाणी लागताच अख्खा चेहरा विरघळून हनुवटीखाली जमा झाला. माझी शाई फाउंटन पेनची निघाली. पाण्याने न पसरणारी वेगळी मिळते म्हणे. मॅडमनी हे पहिल्याच व्हिडिओत सांगायला हवं होतं.

पाहिलं. पहिल्याच व्हिडिओत सांगितलं आहे. मी तो दुप्पट वेगाने पाहिला होता.

पुष्पाचा फोन आला. टाकी भरली का, सिलिंडर लावलं का. दोन्हीला हो म्हणालो. फोन ठेवल्यावर सिलिंडर लावलं.

१४ मे

प्रयोग पुरे. आज प्रत्यक्ष पुष्पा.

आधारासाठी मोबाइलमध्ये फोटो शोधले. पचमढीचे आहेत, भूमिकाच्या लग्नाचे आहेत, माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमाचे तर किती तरी. सगळ्यांत मी. फोटो ती काढत होती. एका फोटोत ती आहे, पण मागे, वाढताना, पाठमोरी.

व्हिडिओ कॉल करून पाहता येईल. पण मग सरप्राइज राहणार नाही. खरा कलावंत स्मरणातून काढतो.

स्मरणातून घेतलेल्या नोंदी: कपाळ मध्यम. कुंकू आहे. नाक सरळ, बहुधा. नाकात चमकी, बाजू तपासायची. डोळे दोन. यापलीकडे आज सुचलं नाही. ऊन फार होतं.

१८ मे, रविवार

पुष्पाचा फोन. बोलता बोलता सहज विचारलं, तुझ्या नाकातली चमकी कोणत्या बाजूला गं?  ती म्हणाली, कूलरचं पानी बदलवत जा, डास होतात.

नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

२१ मे

चमत्कार. दौत कलंडली.

शाई चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर गेली. घाबरून पाण्याचा ब्रश फिरवला तर करडी, निळसर सावली पडली, अगदी मॅडमसारखी. चमकी सावलीत गेली, त्यामुळे तो प्रश्न मिटला. एक कानही गेला. उरलेल्या अर्ध्यात शांत, गंभीर भाव. पुष्पा अशीच आहे. शांत.

खेळकरपणाचं फळ मिळालं. चहा स्वतः केला.

२४ मे

महाल भागातल्या संघपालच्या दुकानातून फ्रेम आणली. काल चित्र टाकताना त्याने काळी की सोनेरी एवढंच विचारलं होतं. आज देताना दोन्ही हातांनी दिली आणि स्वतः मान खाली घातली. हे शहर कलेची कदर करत नाही म्हणतात ते खोटं आहे.

वर चंदनाचा हार घातलेला. मी काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, आपल्याकडे अशा फ्रेमसोबत हार फ्रीच राहते साहेब. हनुवटी जरा वाकडी आली होती, ती हारामागे गेली. ठेवला.

दारासमोरच्या भिंतीवर लावली. भारदस्त दिसते.

२६ मे, सोमवार

तुळसाबाई दोन दिवस गावाला होती. आज सकाळी आली. दार उघडलं, समोर पाहिलं, भाजीची पिशवी सोडली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मला आधी आनंद झाला. पहिल्या नजरेत ओळखलं! कूलरच्या ठिपक्यांपासून इथवर मी महिन्याच्या आत आलो.

कारण मिनिटभराने लक्षात आलं. सांगणारच होतो. पण ती बोलत सुटली होती. माह्या पोरीच्या बाळंतपनात बाई मेडिकलच्या वार्डात तीन दिवस माह्यासंग बसली होती साहेब, सख्खी भैन बसत नाई. मला ते तीन दिवस आठवतात. चहा उशिरा मिळत होता.

असं कोणी मनापासून रडत असताना मध्येच तोडणं असभ्य वाटलं. उद्या सांगीन.

दुपारी तिने भाजीला फोडणी दिली नाही. अशा घरात देत नाहीत म्हणे. मला चाललं.

२७ मे

तुळसाबाईने तळमजल्यावर सांगितलेलं दिसतं. सकाळी नऊला भीमाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे, जिना चढत नाहीत, आज चढल्या. फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, चष्मा लागाच्या पह्यलेचा दिसते फोटो. कशी गोड दिसे.

कोणाचा चष्मा? वयोमानाने होतं असं. दुरुस्त केलं नाही.

मग बोलल्या, की आता मले पेपर कोन वाचून दाखवन मारोतराव? रोज चार वाजता येऊन वाचे. पह्यले निधन वार्ता, मंग भाजीचे भाव. मी समजत होतो, पुष्पा चार वाजता झोपते.

संध्याकाळपर्यंत अर्धी बिल्डिंग आली. ऑफिसातून थेट रीना आली, ओळखपत्र गळ्यातच. तिला स्कूटी काकूंनी शिकवली, मागच्या रिकाम्या लेआउटमध्ये, सकाळी सहाला. पडली तर काकू हसायच्या आणि म्हणायच्या, उठ वं, रोड आपलाच आहे. मी समजत होतो, फिरायला जाते. ती कशी हसते ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं. आलं नाही.

कलेच्या दृष्टीने नोंद: इतके लोक येऊन गेले, पण हे कोण म्हणून एकानेही विचारलं नाही. पहिल्याच पोर्ट्रेटला हे यश मोठं आहे.

कोणीतरी तेरवीचं विचारलं. मी म्हणालो, भूमिका बघते आहे. हे अगदीच खोटं नाही. भूमिका सगळंच बघते.

उद्या नक्की सांगणार. भीमाबाईंपासून सुरुवात करावी, म्हणजे बाकीच्यांना आपोआप कळेल.

२८ मे

भीमाबाईंची तब्येत बरी नाही. आज सांगणं योग्य नाही.

चार घरांतून डबे आले. सोसायटीच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग. उत्तर न देणं उद्धटपणा ठरेल म्हणून प्रत्येकाला हात जोडले. खुलाशाचा मजकूर तयार केला: ‘काही सभासदांचा गैरसमज झाला असल्यास’. ‘काही’ शब्द बरोबर नाही. उद्या पाहू.

दुपारी सगळे गेल्यावर फोटोसमोर खुर्ची घेऊन बसलो. डोळ्यांतून पाणी आलं. कूलरची हवा सरळ तोंडावर येत होती. पण कूलर बंद केल्यावरही थांबलं नाही, म्हणून लिहून ठेवतो: वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. लोक ज्या बाईबद्दल सांगून गेले तिची आणि माझी गाठ पडायला हवी होती.

नंतर तोंड धुतलं. मनःस्थिती: स्थिर.

२९ मे

रीनाने सांत्वनासाठी भूमिकाला फोन केला. फोन पुष्पाने उचलला.

हे मला रीनाने सांगितलं नाही. ती खाली आली, माझ्याकडे पाहिलं, काल आणलेला डबा ओट्यावरून उचलला आणि गेली. डब्यात थोडी खिचडी होती. ग्रुपवर सकाळपासून कोणी काही टाकलेलं नाही. गुड मॉर्निंगसुद्धा नाही.

साडेअकराला पुष्पाचा फोन. मी सगळं सविस्तर समजावायला सुरुवात केली, शाई, सावली, संघपालची स्कीम. ती म्हणाली, उद्याच्या गाडीनं निघतो. ठेवला.

म्हणजे वाढदिवसाच्या आधीच येते आहे. मूळ योजना यशस्वी होण्याच्या मार्गावर.

हार काढावा का? चित्र ज्या स्वरूपात लोकांनी स्वीकारलं त्याच स्वरूपात तिने पाहावं. राहू दिला.

३१ मे, शनिवार

आली.

खाली ऑटो थांबल्याचा आवाज झाला तेव्हा तुळसाबाई दारातच होती. तिने आधी पुष्पाच्या दंडाला चिमटा घेतला, मग स्वतःच्या. भीमाबाई दुसऱ्यांदा जिना चढून आल्या, पुष्पाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला जवळ घेऊन रडल्या. म्हणाल्या, मेली नसन तं पेपर वाचाले काहून नाई आली इतके दिवस?

मी सोफ्याजवळ उभा होतो. 

मग पुष्पा फोटोसमोर गेली. मी किंचित बाजूला सरकलो, उजेड नीट पडावा म्हणून. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, जवळ जाऊन पाहिलं. तिला चष्मा आहे. मग मागे वळून तुळसाबाईला विचारलं, हे कोन होय वं?

तिने मुद्दाम विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

तुळसाबाई खाली फरशीकडे पाहायला लागली. मी म्हणालो, अगं, सगळ्यांनी ओळखलं, हिनेच पहिल्यांदा ओळखलं, विचार. तुळसाबाई म्हणाली, हार होता न साहेब. या घरात दुसरी बाई कोन राहते?

चष्मा लागून दोन वर्षं झाली. हे नंतर तुळसाबाईनेच सांगितलं.

१ जून, रविवार

पुष्पा रागावलेली नाही. सकाळी टाकी पाहिली, कूलरचं पाणी बदलवलं, खाली जाऊन भीमाबाईंना पेपर वाचून दाखवला. खिडकीतून आवाज येत होता. निधन वार्ता वाचताना दोघी हसत होत्या.

मी म्हणालो, बस समोर, आज प्रत्यक्ष काढतो. स्मरणातून काढण्याचे दिवस गेले. ती लगेच बसली. हात मांडीवर, पदर सारखा केला, चष्मा नीट केला. भूमिका लहानपणी शाळेच्या फोटोला बसायची तशी.

मी कागद भिजवला. तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं. टोक केलं. परत पाहिलं, ती अजून पाहत होती. कागद वाळला. पुन्हा भिजवला.

एवढं कोणी समोरून पाहत असलं की हात चालत नाही. कालवा उलटून पाहत नाही.

मी म्हणालो, उजेड बरोबर नाही. ती म्हणाली, थांबतो मी उजेड येईपावतर. आणि बसून राहिली. मी ब्रश धुतले. दोनदा धुतले. शेवटी तुळसाबाईने आतून हाक मारली, की बाई, कणीक भिजवून ठेवली. तेव्हा ती उठली.

३ जून

पुष्पा आज परत गेली. पाचपर्यंत थांब म्हणालो होतो.

हार तिनेच काढला. तुळसाबाईकडे दिला आणि म्हणाली, ठेवून दे वं, कामी येईन. चित्र मात्र भिंतीवर राहू दिलं. म्हणाली, असू दे बिचारी, कोनाची तरी असन.

दारात बॅग उचलताना बोलली. रागानं नाई जाऊन राहिली मी. माह्यं तोंड काढून पाठवा मोबाइलवर. त्यात मले मी दिसली तं येतो. नाई दिसली तं मी तिथं ठीक आहो.

ऑटो थांबला होता. या वेळी मी ऑटोचं काही बोललो नाही. ती बसेपर्यंत नीट तिच्याकडे पाहत राहिलो. पूर्ण वेळ. अट सोपी आहे. मॉडेल ताजं आहे. दोन दिवसांत काम होईल.

५ जून, गुरुवार. सकाळी ७

लग्नाचा वाढदिवस. आज काढून दुपारपर्यंत पाठवणार. कूलर बंद. न पसरणारी शाई आणली आहे. खेळकरपणा रद्द, आज फक्त काम.

७.४०

कपाळ झालं. कुंकू झालं. आता चष्मा. सगळं चष्म्यावर आहे, तो आला की बाकी चेहरा आपोआप बसेल.

चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची होती ते आठवत नाही. तपकिरी असावी. किंवा काळी.

८.१५

शाईत काढतो. शाईत रंगाचा प्रश्नच येत नाही.

८.३०

काचा गोल की चौकोनी?

रीनाला विचारता येईल. ती बोलत नाही. भीमाबाईंना दिसत नाही. तुळसाबाईला विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि कणीक भिजवायला आत गेली.

११ वाजता

हात मोकळा व्हावा म्हणून दुसरा कागद घेतला आणि गॅसजवळ उभी असलेली पुष्पा काढली. मागून. अंबाडा, त्यातली एक सुटलेली पिन, ब्लाउजवर घामाची रेघ, डाव्या पायावर दिलेला भार, कोपराचा कोन. पेन्सिल न लावता थेट शाईने. एकदाही हात थांबला नाही, खोडावं लागलं नाही. तुळसाबाई चहा घेऊन आली आणि कागद पाहून म्हणाली, अगं माय, आपली बाई!

हुबेहूब आली आहे. या वेळी हारही नव्हता.

पाठवली नाही. तिने तोंड मागितलं आहे.